श्रीमंत हैबतराव महाराजांची पोलादी दुचाकी आणि अदबीची वीत

श्री. ज्याने सूर्यचंद्रास फिरते केले आणि त्यांचे आसांस आजवर तेल मागू दिले नाही, त्या जगन्नियंत्याचे पायी मस्तक ठेवून लिहितो. शके अठराशे एकोणतीस, प्लवंगनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी डोंगरापलीकडील एका मुलखी श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत होते. मुलखाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक अद्याप नांदत आहेत आणि त्यांस राग लवकर येतो. महाराज मनाचे मऊ, पंक्तीस आग्रह करणारे आणि अंगाने ठेंगणे होते. ठेंगणे आहेत हे सर्व मुलखास ठाऊक होते, एकट्या महाराजांस ठाऊक नव्हते. सिंहासन उंच, पालखी उंच, आणि जो समोर येई तो कमरेत वाकून येई, मग कोणाशी उंची ताडून पाहावी ऐसा प्रसंगच आला नाही. राणीसाहेब सगुणाबाई, त्याही रीतीप्रमाणे एक पाऊल मागून चालत.

त्यात मापनिशीचे वतन. राजाचे अंगास फीत लावणे ही बेअदबी, म्हणोन मापनीस पाच पावलांवर गुडघे टेकून, मान खाली घालून, नजरेच्या कोपऱ्यातून माप घेई आणि त्यात अदब म्हणोन काही वाढवून सांगे. गिरमाजी मापनिसांचे आज्याने आंगूळभर अदब धरिली होती. त्याचे लेकास वाटले की आपण बापाहून कमी अदबशीर दिसू नये, म्हणोन त्याने मूठभर धरिली. गिरमाजींनी वीतभर धरिली. येणेप्रमाणे महाराजांचा पाय जांघेपासून टाचेपर्यंत दोन हात, म्हणजे पुऱ्या चार विती भरला आणि दरबारी तोच खरा ठरला. शिंपी समंजस होता. तो सांगितल्या मापाचे कापड कापी आणि उरे ते मुकाट्याने आत दुमडी, त्यामुळे महाराजांची सुरवार तळाशी नेहमी जाड असे आणि थंडीत ऊबही देई. तीन पिढ्या कोणाचे काही बिघडले नाही, कारण कापड दुमडते.

पोलाद दुमडत नाही, तेथून ही हकीकत सुरू होते. राणीसाहेबांचे माहेर घाटाखालचे, तेथे मुली लहानपणीच पोलादी दुचाकी, जीस टोपीकर सायकल म्हणतात, ती चालवीत. राणीसाहेबांनी माहेराहून आपली सायकल आणविली आणि बाजारचे दाऊद मिस्त्रीकडोन मनाजोगती करून घेतली. पुढे वेताची टोपली, मागे सामानास कॅरियर, लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणोन बाजूस जाळी, चाकांवर चिखल अडविणारे पत्रे, तेलाचा दिवा, आणि एक घंटी, जी राजवाड्यात कोणत्याही हुकुमापेक्षा स्पष्ट ऐकू येई. मग रोज सकाळी राणीसाहेब लुगड्याचा कासोटा आवळून तळ्याकडे फिरावयास जात आणि येताना टोपलीत कधी मेथी, कधी ओले हरभरे घेऊन येत, आणि मुद्रा ऐसी टवटवीत असे की महाराज पाहातच राहात. एकदा महाराजांनी मागोमाग पालखी काढिली. आठ भोई धावून धावून घामाघूम जाहले, आणि राणीसाहेब तळ्यास वळसा घालून परत येताना निम्म्या वाटेतच भेटल्या. "येताय होय? या सावकाश, मी निघाले," इतुके बोलून पुढे गेल्या.

उभयतांत वैर नव्हते. परंतु लग्नास चौदा वर्षे होऊन बोलणे आटत चालले होते. भोजनसमयी वाढपी उभे, बागेत हुजरे उभे, शयनघराबाहेर पहारेकरी उभे, मग बोलावे तरी काय आणि केव्हा. महाराजांनी चित्ती एकच घेतले की, आपणही सायकल चालवावी, सगुणाबाईंच्या शेजारून तळ्यापर्यंत जावे आणि दोन शब्द बोलावे. दुसरे काही नको. ऐसी इच्छा राजाने कोणास सांगावी, म्हणोन हुकूम सोडिला तो ऐसा की, राज्याचे वैभवासाठी एक पोलादी दुचाकी तयार व्हावी. मग गिरमाजींनी पाच पावलांवरून माप सांगितले आणि दाऊद मिस्त्रीस बोलावणे गेले. मिस्त्रीने माप ऐकिले आणि कानामागे खाजविले.

"हुजूर, एवढा उंच सांगाडा मी आजवर बांधला नाही."

विसाजीपंत दिवाण म्हणाले, "महाराजांच्या पायाविषयी तुला काही शंका आहे काय?"

"शंका कसली हुजूर. नळ्या जास्त लागतील, एवढंच म्हणतो."

आणि नळ्या जास्त लागल्या. दुचाकी तयार होऊन आली तेव्हा महाराजांस चौरंगावर उभे केले, चौघांनी दंडास धरून वर बसविले, आणि महाराजांचे दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी लोंबकळू लागले. पायडले खाली, पाय वर, मध्ये मुलखाची अब्रू. मग गिरमाजी हात जोडून म्हणाले, "माप बरोबर आहे, महाराज. पायडलं दरबारी रीतीला नवीन आहेत, अजून सामोरी आली नाहीत." दिवाण म्हणाले की सांगाडा कापणे म्हणजे महाराजांचा पाय आखूड म्हणणे, आणि तसे म्हणणारास कोणती शिक्षा आहे ते सर्वांस ठाऊक आहे. मग बैठक खाली सारिली, ती दांडीस टेकली तरी पाय पोहोचेनात. मिस्त्री म्हणाला, पायडलांस लाकडी ठोकळे बांधू, किती जाड पाहिजेत ते सांगा. मग गिरमाजींनी पाय आणि पायडल यांमधील अंतर मोजिले. परंतु अंतर म्हणजे उणेपणा, आणि राजाचा उणेपणा वाढवून कोण सांगेल, म्हणोन त्यांनी अदबीची वीत येथे वजा केली, आणि अंतर काहीच उरले नाही. सबब ठोकळे बांधले नाहीत.

दुचाकी चालत नाही तर निदान शोभली पाहिजे, ऐसे सर्व खात्यांचे मत पडले. छत्रवाल्यांनी मागे छत्र रोविले. निशाणवाल्यांनी पुढे निशाण लाविले, ते वाऱ्याने नेमके महाराजांचे तोंडावर येई. घंटी राजास शोभत नाही म्हणोन नगारखान्याने हँडलास लहान नगारा बांधिला. बैठकीस जरीची गवसणी चढविली, तिची जर टोचू लागली. महाराज हळूच म्हणाले, "पुढे वेताची टोपली लावता येईल का, राणीसाहेबांच्या आहे तशी?" तेव्हा दिवाण म्हणाले की टोपली भाजीसाठी असते, आणि टोपलीचे जागी चांदीचे पानदान बसविले. महाराज पान खात नसत.

मग सुमुहूर्त पाहून स्वारी निघाली. दोन हुजरे उजवीकडून, दोन डावीकडून, एक मागून ढकलीत, ऐसी दुचाकी चालली, आणि महाराज वर बसून लोंबत्या पायांनी प्रजेचे मुजरे घेऊ लागले. इतुक्यात मागून घंटी वाजली. राणीसाहेब शेजारून पुढे गेल्या, जाताना एकवार पाहिले आणि म्हणाल्या, "छान. पालखीला चाकं लावलीत." बोलल्या त्या हसून, परंतु महाराजांचे वर्मी लागले. त्या दिवशी त्यांनी श्रीखंडास हात लाविला नाही, आणि हैबतराव श्रीखंड सोडतात म्हणजे काय, ते त्यांच्या मुदपाकखान्यास विचारावे.

दुसरे दिवशी दुपारी राज्य वामकुक्षीस लवंडले असता महाराज एकटेच मागील चौकात आले. पगडी उतरविली, अंगरखा काढिला, आणि छत्र, निशाण, नगारा, पानदान, सर्व आपल्या हातांनी सोडून भिंतीशी ठेविले. मग, रस्त्यात पोरे बापाची सायकल घेऊन दांडीखालून पाय पलीकडे घालितात आणि कैची मारीत जातात, ती रीत त्यांनी पालखीतून कितीदा पाहिली होती, तीच करू लागले. चाके दोनदा फिरली. महाराजांचे मुखावर हसू उमटले, आणि त्याच हसूसकट महाराज झेंडूच्या वाफ्यात गेले. डोळे उघडतात तो समोर सगुणाबाई उभ्या.

"कैची मारायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पोरं मारतात ती पाहिली."

"उजवा हात दांडीवरनं घ्यायचा असतो. आम्ही अशाच शिकलो," ऐसे म्हणोन त्यांनी पदराने महाराजांचा गुडघा पुसिला आणि दुचाकीकडे निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "जरा उभे राहा बघू." महाराज उभे राहिले. चौदा वर्षांत कोणी त्यांस ऐसे उभे केले नव्हते. राणीसाहेब खाली बसल्या आणि आपल्या वितीने पाय मोजू लागल्या. एक जाहली, दोन जाहल्या, तीन जाहल्या, आणि हात थांबला.

"चौथी?" महाराज म्हणाले.

"चौथी नाही."

"दप्तरी चार आहेत."

"दप्तरी असतील."

महाराजांनी अंगास चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या झटकिल्या. मग म्हणाले, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"लग्नात अंतरपाट धरला तेव्हापासून. पलीकडून नुसता तुरा दिसत होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि मला त्यात उणं काही वाटलं नाही. सांगायचं काय त्यात?"

तेव्हा महाराजांस प्रथम लाज वाटली, मग गिरमाजीचा राग आला, आणि मग सगळे ओसरून ज्वर उतरल्यावर वाटते तैसे हलके वाटले. आपण जेवढे आहो तेवढे एका माणसाने आधीपासून पाहिले आहे, आणि तरी ते माणूस झेंडूत उतरून आपला गुडघा पुसते, हे त्यांस फार मोठे वाटले. "सांगाडा कापून घेतो," ऐसे ते म्हणाले आणि राणीसाहेब म्हणाल्या, "घ्या. मी थांबते तोवर."

मग दरबार भरला आणि महाराजांनी तीन वितींचा विषय काढिला, तो हाहाकार जाहला. गिरमाजींस घेरी आली. विसाजीपंत दिवाण मात्र थोर डोक्याचे, त्यांनी मार्ग काढिला की, महाराजांचा पाय आखूड करण्यापेक्षा मुलखाचा हात आखूड करावा. गजाचा चौथा भाग छाटून टाकावा, म्हणजे जुना दीड हात तोच नवे दोन हात. पायही दोन हातांचा राहील, दुचाकीही नव्या हाताने पायाजोगी होईल, आणि कोणी खोटे ठरणार नाही. हे ऐकून सर्वांनी माना डोलाविल्या आणि कापडाचे व्यापारी तर उठून उभे राहिले. आणि खरे लिहावयाचे तर महाराजांसही मोह पडला. सायकल मिळते, तळे मिळते, शेजार मिळतो, आणि दप्तरीची चौथी वीतही जात नाही, मग आणखी काय हवे. शिक्क्यासाठी हात पुढे जाहला आणि तेथेच थांबला.

"गिरमाजी, अठरा हाती लुगडं नव्या हातानं किती होईल?"

गिरमाजी नुकतेच शुद्धीवर येत होते, त्यामुळे अदब धरावयाचे राहून गेले. "जुन्या साडेतेरा हातांइतकं, महाराज."

"मग कासोटा?"

"कासोट्याला पुरणार नाही."

महाराजांचे डोळ्यांपुढे सर्व मुलूख उभा राहिला. शेतात लावणी करणाऱ्या, विहिरीवर पाणी ओढणाऱ्या साऱ्या बाया तोकडी लुगडी ओढून ओढून पुरवीत आहेत, आणि तळ्याच्या वाटेवर कोणाची घंटी वाजत नाही. ते सिंहासनावरून उठले आणि खाली, फरशीवर, सर्वांमध्ये येऊन उभे राहिले. वाकलेले लोक वाकलेलेच होते, म्हणोन म्हणाले, "सरळ उभे राहा सगळे." लोक सरळ जाहले आणि महाराज मध्ये दिसेनासे जाहले. आतून आवाज आला, "लुगडी आहेत तेवढीच राहतील. गिरमाजी, फीत लाव."

"महाराज, वर गेल्यावर आज्याला काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांग. फीत लाव."

मग गिरमाजींनी राजाचे पायास फीत लाविली, आणि तीन पिढ्यांत प्रथमच मान वर करून आकडा सांगितला, "दीड हात." आभाळ कोसळले नाही. एक व्यापारी तेवढा खाली बसला.

येणेप्रमाणे दाऊद मिस्त्रीने नळ्या कापिल्या, जोड पुन्हा झाळिले, दांडी उतरविली, चामड्याची साधी बैठक घातली, हँडल थोडे आपल्याकडे वळविले आणि पुढे वेताची टोपली बांधिली. महाराजांचे पाय पायडलांवर टेकले तेव्हा त्यांनी ते काही वेळ तसेच टेकवून ठेविले. मग उभयता तळ्याकडे निघाली. राणीसाहेबांस वेगाची सवय, त्या पुढे गेल्या. महाराज झोकांड्या खात, एका एरंडाचे झाडास वाचवून, मागे राहिले, आणि त्यांनी जन्मात कोणास म्हटले नव्हते ते शब्द मोठ्याने म्हटले. "सगुणाबाई, जरा हळू."

आजवर ज्यांचेपुढे सारे जग हुकुमाने हळू चालत आले, त्यांस हे मागावे लागले, आणि मागण्यात त्यांस काही जड गेले नाही. राणीसाहेबांनी एक पाय जमिनीस टेकविला आणि मागे वळून थांबल्या. मग दोन्ही दुचाकी शेजारी शेजारी चालल्या. दिवाण काही अंतर पळाले आणि दमून वाटेवरील दगडावर बसले. पुढे उभयतांत काय बोलणे जाहले ते या लिहिणारास ठाऊक नाही, कारण ऐकू येईल इतुक्या जवळून धावणारा दरबारात कोणी उरला नव्हता. परतावयास दुपार जाहली, इतुके पहारेकऱ्याने पाहिले.

एवंच शके अठराशे एकोणतीसचे वर्तमान. त्या साली लढाई जाहली नाही, किल्ला घेतला नाही, खजिन्यात भर पडली नाही. मुलूख होता तेवढाच राहिला, आणि महाराज होते तेवढे जाहले. ज्या गोष्टी कानी आल्या त्या वाढ न धरिता लिहिल्या. लेखनसीमा.