आतून तांबं, वरून काळं

सहादेवला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं सहादेवचं स्वतःचं मत होतं! देवळाली प्रवरेत त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या वस्त्यांवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या आणि नव्या तारेचे वेढे घेऊन पुन्हा विहिरीवर जायच्या. तारेला नुसता अंगठा लावला, की तांबं चोख आहे की भेसळीचं हे त्याला कळायचं. माणसांनाही तो तसाच अंगठा लावून बघायचा.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने घरात जाहीर केलं, "या लग्नात मला कोनी एक रुपया जादा लावून दाखवावा! सहादेव म्हनत्यात मला!"

आणि खरोखर, मांडववाला दरात इतका खाली आला, की जाताना त्याने सहादेवच्या पायाला हात लावून "दुसऱ्या पोरीच्या वेळी मला बोलवू नका," अशी विनंती केली. आचाऱ्याने जिलबीचा दर सांगितल्यावर सहादेव असा काही हसला, की आचाऱ्याने घाबरून मठ्ठा फुकट केला.

मग आले केस.

संस्कृती बी.एस्सी. होऊन सुप्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागली होती. तिथे डोक्यावर टोपी सक्तीची. तिची जाडजूड वेणी टोपीत मावेना, म्हणून तिने एका रविवारी केस मानेपर्यंत कापून टाकले. घरी आली तेव्हा तिची आई चांगुणा डोळ्यांना पदर लावून बसली आणि सहादेव एखाद्या जळालेल्या मोटारीकडे बघावं तसा लेकीकडे बघत राहिला. पण खरी ठिणगी पडली ती साखरपुड्यात. होणाऱ्या सासूबाई, श्रीगोंद्याच्या आक्काबाई, यांचा अंबाडा चांगला नारळाएवढा! त्यांनी कुंकू लावता लावता संस्कृतीच्या मानेवर हात फिरवला आणि चारचौघींत म्हणाल्या, "आमच्यात बायांचे केस लांब असत्यात बरं का."

चारचौघींनी आधी त्या नारळाकडे बघितलं, मग संस्कृतीच्या मानेकडे. त्या रात्री संस्कृती बापाजवळ येऊन बसली.

"अण्णा, मला डीजे नको, घोडा नको, कपाटसुद्धा नको. एकच गोष्ट द्या. नऊवारी आणि त्यावर खोपा. असा खोपा, की त्यांनी बघत राहावं. नगरच्या रेश्माताई घालतात तसा."

"दिला शब्द!"

"मग मी बोलते त्यांच्याशी."

"तू? तुला टोपी घालतील! लॅबमधी घालत्यात तेवढी पुरे. रेट मी बोलनार."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मोटार चाचणीला घरघरत असतानाच सहादेवने फोन लावला.

"रेश्मा मॅडम का? नवरीच्या केसाचा रेट सांगा."

"पाच हजार, काका."

"पाच हजार! अहो, एवढ्यात मी अख्खी मोटार भरून देतो! आन् पोरीच्या डोक्यावर केस तरी कितीक हायेत?"

"तेच तर. कमी आहेत म्हणूनच काम जास्त. आधी एकदा ट्रायल घ्यावी लागेल, त्याचे हजार वेगळे."

"ट्रायल कशाला? बिघडलेली मोटार असती तर घेतली असती. डोकं हाय ते, पहिल्यापास्नं चालू हाय. ट्रायल कट!"

"बरं. पण मग एक्स्टेंशन लागणारच. त्याचे चार हजार."

सहादेवच्या हातातली पक्कड खाली पडली. एक्स्टेंशन! ज्याच्या दुकानाच्या छताला वायरीची भेंडोळी लटकलेली, ज्याच्या दारावरच्या पाटीवर 'येथे एक्स्टेंशन बोर्ड बनवून मिळतील' असं ठळक लिहिलेलं, त्याच्याकडून ही बाई एक्स्टेंशनचे चार हजार मागते?

"मॅडम, एक्स्टेंशन आमचं घरचं हाय!"

"घरचं? अरे वा! पण माल कसला आहे? हलका असेल तर मशीन लावल्यावर वितळतो."

"आपला वितळत न्हाई. दिवसभर मशीन लावा! एकदम ओरिजनल!"

"रंग काळाच आहे ना?"

"काळाभोर. म्हंजे वरून काळं, आतून तांबं."

रेश्माच्या आवाजात एकदम आदर आला. "आतून तांबूस छटा दिलीय? मग तर फारच छान दिसेल. जाड आहे का?"

"जाड म्हंजे! कितीबी लोड टाका."

"हो, गजऱ्यांचा लोड येतोच. आणि लांबी? मला वीस इंच तरी लागते."

"वीस इंच!" सहादेव खुर्चीत मागे रेलून हसला. "वीस इंचात काय व्हतंय? आपलं लांबलचक हाय. उरलं तर गुंडाळायचं!"

"गुंडाळायचंच असतं काका. क्लिपा आहेत?"

"दुकानात खोका भरलाय!"

"मग सगळंच तुमच्याकडे आहे. मी माझे पाच तेवढे घेते."

फोन ठेवल्यावर सहादेवने मोटारीच्या घरघरीलाच टाळी दिली. चार हजार आणि वर हजार! एका फोनमध्ये! संध्याकाळी सुप्याहून संस्कृतीचा फोन आला.

"अण्णा, एक्स्टेंशनचं बोललात ना? ते नसेल तर काही होणार नाही. पुरणारच नाही."

"पुरंल! आपलंच हाय."

"आपलं? आपल्याकडे कुठून आलं?"

"पोरी, तुजा बाप हाय मी. माज्यावर भरवसा हाय का न्हाई?"

यावर कुठली लेक काय बोलणार? तिला वाटलं, अण्णांनी गुपचूप मागवून ठेवलं असेल. आणि तिला वाटलं त्यात फार चूकही नव्हती, कारण सहादेव गुपचूप कामाला लागलाच होता. लेकीच्या लग्नात जुनंपानं एक्स्टेंशन कशाला? त्याने स्वतः निवडून चोख तांब्याची वायर घेतली. सागाची पेटी केली, तिला पॉलिश केलं, पाच सॉकेट बसवले आणि वर लाल रंगाने 'संस्कृती–ओंकार' असं वळणदार अक्षरात लिहिलं. ओंकारच्या नावाशेजारी एक मोरसुद्धा काढला. तो थोडा बदकासारखा झाला, पण भावना पोचत होती.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात नवरीच्या खोलीत रेश्मा आली. आरशासमोर नऊवारी नेसून, नथ घालून संस्कृती बसली होती. रेश्माने तिच्या मानेपर्यंतच्या केसांतून कंगवा फिरवला, पुढचे केस चापून बसवले आणि दारात उभ्या असलेल्या सहादेवला म्हणाली, "काका, आता एक्स्टेंशन आणा."

सहादेव याच घटकेची वाट बघत होता! तो गेला आणि पैलवान गदा घेऊन आखाड्यात उतरतो तसा खांद्यावर सागाच्या पेटीसकट वायरीचं भेंडोळं टाकून आला.

"हे घ्या! पन्नास फूट!"

रेश्माने भेंडोळ्याकडे बघितलं. नवरीच्या डोक्याकडे बघितलं. पुन्हा भेंडोळ्याकडे बघितलं.

"काका, हे काय आहे?"

"एक्स्टेंशन."

"अहो, डोक्याला लावायचं एक्स्टेंशन!"

"डोक्याला?" सहादेव दोन पावलं मागे सरला. "माज्या पोरीच्या डोक्याला करंट देता का काय?"

"केस, काका, केस! क्लिपांनी जोडायचे खोटे केस! त्यालाच एक्स्टेंशन म्हणतात! आणि वरून काळं, आतून तांबूस असं तुम्हीच म्हणालात ना?"

"मंग, हायेच की!" असं म्हणून सहादेवने खिशातला चाकू काढला आणि वायरीचं टोक सोलून तिला आतलं तांबं दाखवलं.

रेश्मा मटकन पलंगावर बसली. "मी आणलेलंच नाही. ते केसांशी जुळवून आधी मागवावं लागतं. आता नगरला जाऊन यायचं म्हटलं तर मुहूर्त टळेल. आणि एवढ्याशा केसांवर खोपा बसणार कशावर?"

संस्कृती ओरडली असती तर सहादेवला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, "अण्णा, मी एकच गोष्ट मागितली होती."

सहादेवच्या खांद्यावरचं भेंडोळं एकाएकी सिमेंटच्या गोणीइतकं जड झालं.

इकडे आणखी एक घोटाळा झाला. सहादेवची थोरली बहीण झुंबरबाई चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती आणि तिच्या कानावर नेमके दोनच शब्द पडले होते, 'डोक्याला' आणि 'करंट'. तिने ट्रे तिथेच सोडला आणि किंचाळत जेवणाच्या हॉलकडे पळाली. "अगं बया, पोरीच्या डोक्याला करंट बसला!" पंगतीत ते 'नवरीचे केस जळाले' असं झालं. हात धुवायच्या नळाजवळ ते 'नवरीला केस ऱ्हायले न्हाईत' असं झालं. आणि जानवशाच्या खोलीत पोचेपर्यंत, "नवरीला केस पहिल्यापास्नंच न्हाईत, आपल्याला फसवलं!" असं होऊन बसलं.

दार धाडकन उघडलं. दारात आक्काबाई! मागे श्रीगोंद्याच्या दहा-बारा बायका एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. आक्काबाईंनी त्यांच्या तोंडावरच दार लावलं, कडी घातली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय भानगड हाय, इवाई?"

सहादेव बोलायला गेला, पण तोंडातून फक्त "पन्नास फूट" एवढंच आलं. शेवटी रेश्माने सगळं सांगितलं.

आक्काबाईंनी ऐकून घेतलं. संस्कृतीच्या डोळ्यांतून काजळाची एक रेघ खाली उतरत होती, तीही बघितली. मग म्हणाल्या, "इवाई, भिताडाकडं तोंड करा."

"आँ?"

"करा म्हनते ना!"

सहादेव भेंडोळं घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा. त्याला फक्त आवाज ऐकू येत होते. बांगड्यांचा आवाज. मग टिक, टिक, टिक, आकडे काढून पितळी ताटात टाकल्याचा आवाज. मग रेश्माचा "अगं बाई!"

"धर पोरी," आक्काबाईंचा आवाज आला. "गंगावण हाय. ओंकारच्या बाळंतपनात माजे केस गेले ते गेलेच. तवापास्नं हेच लावते. त्याच्या बापालासुदिक ठाव न्हाई."

"पण आई, साखरपुड्यात तर तुम्ही..."

"म्हनाले व्हय! तुजी मान बगितली आन् मला माजंच डोकं दिसलं. मंग तोंडातून गेलं." आक्काबाईंच्या बांगड्या वाजल्या. "काळं हाय, लांब हाय. ह्या बाईला इचार, चालंल का."

"चालेल?" रेश्मा जवळजवळ रडायच्या बेतात होती. "अहो, असला माल आता पैसे टाकून मिळत नाही!"

"आन् इवाई, ही गोष्ट या खोलीच्या भायेर गेली तर..."

"न्हाई जानार!" सहादेव भिंतीला म्हणाला. "गळ्याची आन!"

मग खोपा चढला. आणि काय चढला! पण तो पुरा झाला तेव्हा दुसरी पंचाईत लक्षात आली. आक्काबाईंचा नारळ जाऊन आता तिथे एक लिंबू उरलं होतं. नवऱ्याची आई अशी मांडवात कशी जाणार? बाहेरच्या दहा-बारा जणी अजून दारालाच चिकटलेल्या!

"थांबा, माझ्याकडे डोनट आहे," रेश्मा म्हणाली.

"मला उपास हाय," आक्काबाई म्हणाल्या.

"खायचा नाही हो! स्पंजची कडी असते, तिच्यावर तुमचेच केस पसरायचे. मशीनने जरा फुगवले की झालं. पण अर्जंट काम आहे, त्याचे वेगळे पडतील." भिंतीकडून एक हुंदक्यासारखा आवाज आला, पण कोणी लक्ष दिलं नाही. रेश्मा मशीनची वायर हातात धरून खोलीभर फिरली. प्लग पार त्या टोकाला, बाथरूमच्या दाराशी. ती वळली.

"काका, तुमच्याकडे एक्स्टेंशन आहे का?"

सहादेवने भिंतीवरून तोंड न हलवता विचारलं, "कंचं?"

लग्न वेळेवर लागलं. संस्कृतीचा खोपा बघून श्रीगोंद्याच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. 'नवरीला केस न्हाईत' म्हणणाऱ्याच आता सगळ्यांत पुढे येऊन हळूच हात लावून बघत होत्या. आक्काबाई डोक्यावर पदर घट्ट ओढून, मान अजिबात न हलवता, एखाद्या देवीसारख्या बसल्या होत्या. अक्षता पडत असताना संस्कृतीने बापाकडे बघितलं आणि हसली. सहादेवला वाटलं, सुटलो.

पण हिशेब राहिला होता. मांडवाच्या कडेला रेश्मा पर्स उघडून उभी राहिली. "नवरीचे पाच, आणि ते दुसरे... अर्जंट... चार. नऊ झाले, काका."

सहादेव नोटा मोजत असतानाच झुंबरबाई तिथे उगवली. "सहादू! पाच ठरलं हुतं ना रं? नऊ कशाचे मोजतोस?"

तिचा आवाज करंटची बातमी पोचवणाराच होता. मांडववाला खुर्च्या उचलायचा थांबला. आचारी हात पुसत जवळ आला. चांगुणा आली. पलीकडून, पदराच्या आडून, आक्काबाईंचे दोन डोळे सहादेववर स्थिरावले.

सहादेवने घसा खाकरला. खांद्यावरचं भेंडोळं सावरलं.

"एक्स्टेंशनचे चार येगळे पडले, ताई."

"अरं, पन ते घरचं हुतं की! तुज्याच खांद्यावर तर हाय!"

"व्हय," सहादेव म्हणाला. "फसलो."

मांडववाला त्या लग्नात पहिल्यांदाच हसला. आणि आचाऱ्याने, कोणी न सांगता, थंडगार मठ्ठ्याचा पेला भरून सहादेवच्या हातात दिला.