पाठीचा जबाब

सरकारी दवाखान्यात दमयंती चौगुलेंच्या पाठीला बोलण्यासाठी बुधवारी अकराची वेळ मिळाली. केसपेपर पाठीच्या नावाने निघाला. दमयंतीबाईंचं नाव ‘सोबत आलेली व्यक्ती’ या रकान्यात गेलं.

दमयंतीबाई अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवत होत्या. दोनशे पोरांचं पातेलं चुलीवरून उतरवायचं, तेही एकटीनं. मुख्याध्यापक शिंगटे सरांनी कळवलं होतं, की पाठीचा लेखी जबाब आणला तर पातेल्याला दुसरा माणूस देऊ, नाहीतर काम सोडा. आता बाईंची नोकरी पाठीच्या तोंडात होती.

समुपदेशक पराडकर मॅडमनी बाईंच्या डोक्याला पट्टा बांधला आणि बारीक करंट सोडला. मेंदूला मुंग्या आल्या की पाठीला वाचा फुटायची, तिथला तो रोजचाच प्रकार.

“कसं वाटतंय?” मॅडमनी पाठीला विचारलं.

“बरंय की,” पाठ म्हणाली. “मला मेलीला काय धाड भरलीय! तुम्ही चहा घेतला का, मॅडम?”

दमयंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं भवाने! सकाळी अंथरुणातनं उठू देत न्हाईस, आन् हितं बरंय?”

“सोबतच्यांनी मध्ये बोलू नये,” मॅडम म्हणाल्या आणि ‘त्रास नाही’ असं लिहून मोकळ्या झाल्या.

पुढच्या बुधवारीही तेच. तिसऱ्या बुधवारी मॅडमनी करंट वाढवला. “बरंय म्हणायला कुणी शिकवलं?”

“हिनंच,” पाठ म्हणाली. “बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी हंडे वाहिले. सासूनं विचारलं, ही म्हणाली, बरंय. आता सर विचारतात, तरी बरंय. मी हिच्या शब्दाबाहेर कशी जाऊ?”

मॅडमनी नियम काढून पाहिला. “सोबतच्या व्यक्तीनं आता बोलावं.”

“दुखतंय!” दमयंतीबाई कडाडल्या. “अकरा वर्षं दुखतंय! विचारतात सगळी, पण उत्तराला थांबतंय कोण? पाठ फिरवून चालू पडतात. म्हणून बरंय म्हणत आले. मेल्यांनो, दुखतंय!”

बाहेरच्या रांगेतल्या बायका दारातून डोकावल्या.

“हां,” पाठ म्हणाली. “आता घ्या लिहून, मॅडम.”

जबाब चार पानं झाला. गुरुवारी शिंगटे सरांनी तो चुलीपाशी उभ्यानंच वाचला.

“दुसरा माणूस मंजूर व्हायला महिना लागेल, बाई. तोवर…”

“तोवर तुमी,” दमयंतीबाई म्हणाल्या आणि फडकं त्यांच्या हातात कोंबलं.

सरांनी पातेल्याचा एक कान धरला, बाईंनी दुसरा. पातेलं खाली आलं, पण सर वाकले ते वाकलेलेच राहिले.

“लागलं का, सर?”

“छे छे. बरंय.”

“खोटं बोलू नका, सर,” दमयंतीबाईंची पाठ आता करंटाशिवायच म्हणाली. “बुधवारी अकराला जा.”