जॅकेटवालीचा फोन

"अहो, फोन उचला ना! जिन्यात उभी आहे मी, दोन्ही हातांत पिशव्या आहेत आणि किल्ली आत राहिलीय!"

हे मास्तरीणबाई बंद दाराला तोंड लावून ओरडल्या, कारण फोन केव्हाचा नुसताच वाजत होता. मास्तर आत सोफ्यावरच होते. शेवटी सासूबाईंनी उठून दार उघडलं. बाई आत येतात तर टीव्हीच्या पडद्यावर एक फोन वाजला, आणि तो मात्र मास्तरांनी पहिल्या घंटीला उचलला.

"कुठे आहेस रे?" पडद्यावरच्या एका तरुणीने विचारलं.

मास्तरांनी हातातलं बटण दाबलं. "तुझाच विचार करत होतो," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

बाईंच्या हातातली कांद्यांची पिशवी सुटली आणि कांदे सोफ्याखाली गेले. मास्तरांनी पाय तेवढे वर घेतले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं आणि जीव मुठीत धरून स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हा त्यांचा धंदा. भाच्याने खेळाचं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं मामाच्या गळ्यात मारलं. आतला खेळ गुन्हेगारीचा होता. एक अख्खं शहर. हवं तिथे हिंडा, हवी ती गाडी पळवा, दरोडे घाला, पोलिसांना गुंगारा द्या. मास्तर त्या शहरातले नामचीन गुंड होते, पण लाल सिग्नलला थांबायचे. दागिन्यांचं दुकान लुटून पळतानासुद्धा झेब्रा क्रॉसिंगवर म्हातारीला आधी जाऊ द्यायचे, आणि त्यापायी पकडले जायचे. खेळात इंडिकेटरचं बटण नाही, एवढीच त्यांची त्या शहराबद्दल तक्रार होती.

आणि ती फोनवाली म्हणजे त्यांची दरोड्यातली जोडीदार. काळं चामड्याचं जॅकेट घालायची. खेळाची गोम अशी की तिची मर्जी सांभाळावी लागे. फोन उचलला नाही की ती रुसायची, आणि ती रुसली की बँकेचा मोठा दरोडा बोंबलला. त्या दरोड्याची तयारी मास्तर कितीतरी दिवस करत होते.

"तिचा फोन उचलता, माझा का नाही उचलत?" बाईंनी कांदे गोळा करता करता विचारलं.

"अगं, तिचा नाही उचलला तर ती सोडून जाते."

"आणि मी?"

"तू कुठे जाणारेस?" मास्तर अगदी सहज म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपण अजून अहो-जाहो करतो, आणि ही कालची आलेली भवानी खुशाल अरे-तुरे करते! वर जॅकेट. घरात कोण जॅकेट घालून बसतं? सवत निदान हाडामांसाची असती तर दारात उभं राहून चार शब्द सुनावता आले असते. हिला काय सुनावणार? आणि कुठे जाऊन?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं उत्तर त्यांना सापडलं. बाई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होत्या. दुपारी दवाखाना बंद असे आणि बाई जेवायला घरी येत. मास्तर त्या वेळी कुणाला तरी रिव्हर्स शिकवत असत. बाईंनी ताट बाजूला सारलं आणि यंत्र सुरू केलं. बेत साधा होता. मास्तरांच्या तोंडून तिला असं काही सुनावायचं की पुन्हा फोन करायची तिची छाती होता कामा नये.

पण तिच्या घरापर्यंत गाडी न्यायची होती, आणि बाईंना गाडी येत नव्हती. फार पूर्वी मास्तरांनीच चार दिवस शिकवून, "तुझ्या नशिबात मागचीच सीट आहे," असा निकाल दिला होता. बाईंनी आधी कारंज्यात गाडी घातली, मग फळांच्या गाड्यावर, मग थेट पोलीस चौकीच्या पायऱ्यांवर. आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या.

"अगं, हळू! माझा मुलगा आहे तो!"

"तुम्ही झोपा हो आई."

"झोप कुठली लागते आता? डावीकडे घे, डावीकडे! ती त्या लाल इमारतीत राहते. मी रोज बघते ना."

बाई एकदाच्या पोचल्या. जॅकेटवालीने दार उघडलं. काय बोलायचं त्याचे पर्याय पडद्यावर आले, त्यातला सगळ्यात झोंबणारा बाईंनी निवडला. "तुझं तोंड बघायचं नाही मला," पडद्यावरचा नवरा म्हणाला. बाईंना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

जॅकेटवाली भांडली नाही. ती पायरीवर बसली. "खरं सांगू? तू फोन उचलतोस, पण कामापुरता. जेवलीस का, एवढंसुद्धा कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली.

बाई चरकल्या. "म्हणजे हिच्याशीही असंच?"

"माझाच मुलगा तो," सासूबाई म्हणाल्या. "तिथे गेला म्हणून काय बदलणारे?"

बाईंनी दुसरा पर्याय शोधला आणि मनापासून दाबला. "जेवलीस का?"

तिथून गाडी रुळावर आली. बाई रोज दुपारी जॅकेटवालीला घेऊन समुद्रावर जाऊ लागल्या. दोघी कठड्यावर बसत. ती तिच्या आईबद्दल बोलायची, गावातल्या छोट्या घराबद्दल बोलायची, आणि बाई ऐकून घ्यायच्या. दातदुखीवाल्यांचं रडगाणं ऐकून ऐकून ती सवय त्यांच्यात मुरलेली होती. जाता-येता गाडीही सुधारली. फळवाले आता बाईंना बघून पळत नसत. सासूबाईंनी दुपारची झोप कायमची सोडली.

इकडे मास्तर चक्रावले. सगळ्यात आधी त्यांनी गाडी पाहिली. आपण दोन रेघांच्या बरोबर मधे लावलेली गाडी, आणि संध्याकाळी बघतात तर तिचं एक चाक फुटपाथवर आणि आरसा गायब! त्यांचा गुंड इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. केससुद्धा कापलेले. आणि वरताण म्हणजे जॅकेटवालीचं बोलणं.

"दुपारी किती छान बोललास," ती म्हणाली. "आता पुन्हा तसाच झालास."

मास्तरांचा चेहरा पडला. "आई, दुपारी घरात कोण येतं?"

"मला काय माहीत? मी झोपते," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मास्तरांनी भाच्याला फोन लावून दरडावलं. तो बिचारा म्हणाला, "मामा, मी दुपारी कॉलेजात असतो." मग त्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या तरुण जिमवाल्यावर गेला, कारण तो हल्ली जिन्यात शीळ घालायचा. मत्सराने मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी जॅकेटवालीला फुलं नेली, हार नेला, महागातली मोटारसायकल नेली. ती म्हणाली, "हे सगळं नको रे. त्या दिवशीसारखा नुसता बस ना."

"अगं," मास्तरांनी रात्रीच्या भाकरी थापणाऱ्या बायकोला विचारलं, "बायकांना नुसतं शेजारी बसलेलं आवडतं का गं?"

"कुठल्या बायकांना?"

"नाही, सहज आपलं."

बाईंनी तोंड फिरवून हसू दाबलं. पण आतून त्या जळल्याच. नुसतं बसायचं शहाणपण सुचलं, तेही तिच्यासाठी!

दरोड्याच्या आदल्या दुपारी कठड्यावर बसून जॅकेटवालीने विचारलं, "हे काम झालं की मी कायमची जाऊ का रे? अडवशील मला?"

पर्याय दोनच होते. एक, "थांब, तुझ्याशिवाय माझं कसं होणार?" दुसरा, "जा. स्वतःचं बघ." बाईंना सोफ्याखालचे कांदे आठवले. त्यांनी दुसरा दाबला. मायेने दाबला की मत्सराने, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. दोन्ही होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी दरोडा घातला. सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या, बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तर पैशांच्या पिशव्या घेऊन बँकेच्या बाहेर आले, तर ना गाडी ना जॅकेटवाली. फोन वाजला.

"मी निघाले," ती म्हणाली. "तूच म्हणालास, जा. इतकं मनापासून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं."

"मी? मी कधी म्हणालो?" मास्तर पडद्यावर ओरडले. "आई, मी असं म्हणालो का?"

"दुपारचा तू म्हणालास," सासूबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

मास्तरांनी हळूहळू मान वळवून बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात चहूबाजूंनी पोलिसांच्या गाड्या आल्या. मास्तरांनी समोरची एक गाडी पळवली, चौकात आले, आणि सिग्नल लाल झाला. ते थांबले.

"सरका!" म्हणत बाईंनी त्यांच्या हातातला कंट्रोलर हिसकावला. गाडी उलट्या दिशेने सुटली. मंडई, बोळ, कारंजं, चौकीच्या पायऱ्या, सगळं बाईंना तोंडपाठ होतं. मास्तरांचा उजवा पाय गालिच्यावर दणादण ब्रेक दाबत होता. "आरसा बघ! अगं आरसा बघ!"

"आरसा केव्हाच पडलाय," बाई म्हणाल्या आणि गाडी बोगद्यात घातली. पोलीस मागे राहिले. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.



"तुला गाडी येते?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही शिकवायचं थांबवलंत तेव्हापासून."

"आणि तिच्याशी... रोज बोलायचीस?"

"रोज. तुम्ही मला म्हणालात ना, तू कुठे जाणारेस. म्हटलं, बघू तरी जाणारी कशी असते."



दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गाल सुजलेल्या पेशंटची रांग लागलेली असताना बाईंचा फोन वाजला. "जेवलीस का?" मास्तरांचा आवाज आला. मग घसा खाकरून, पाठ केल्यासारखं, "तुझाच विचार करत होतो."

बाईंनी ते वाक्य तत्काळ ओळखलं. "हा तिथलाच पर्याय आहे," त्या म्हणाल्या.

"मग दुसरा कुठला होता?"

"तो तुमचा तुम्ही शोधा," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पण ठेवताना त्यांना आतून गुदगुल्या झाल्याच.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती. मास्तर रोजच्यासारखे मास्तरांच्या सीटवर बसले होते, मागे सासूबाई होत्या, आणि स्टिअरिंगपाशी कोणी नव्हतं. बाई तिथे बसल्या, पट्टा लावला.

"एक विचारू?" मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "तिने जाताना तुला पत्ता दिला का गं?"

"दिलाय."

"मला सांगशील?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. मास्तरांचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. मग त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मुकाट मांडी घालून नुसते शेजारी बसले.