वीणेचा पहिला पहारा

"नाना, बटण दाबलं की यादी तयार!" असं नूतन सासऱ्यांना मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. आता तेच बटण दाबून दाबून तिचं बोट दुखायला लागलं होतं.

पितांबरनाना सप्ताहाचे कारभारी. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. रोज दोन-दोन तासांचे बारा पहारे, सात दिवसांची माणसं चौऱ्याऐंशी. वीणा उद्या दुपारी बाराला उभी राहणार, आणि त्या पहिल्या पहाऱ्याला चैत्राच्या उन्हात कुणी फिरकत नसे. तीस वर्षं तो पहारा म्हातारे भिकनआबा एकटेच सांभाळत. यंदा त्यांचे हात कापू लागले होते. त्यांना रोज एक तरी जोडीदार मिळावा, एवढ्यासाठी नूतनचा हा खटाटोप.

नूतनच्या धुळ्याच्या ऑफिसातल्या फैसलने एक्सेलच्या शीटमध्ये मॅक्रो, म्हणजे बटण दाबताच आपोआप यादी लावणारा प्रोग्राम, लिहून दिला होता. घरच्या लॅपटॉपवर मात्र ती शीट ब्राउझरमध्ये उघडली.

"ताई, ब्राउझरमध्ये मॅक्रो चालतच नाही," फैसल फोनवर म्हणाला. "थांबा, तिथे चालेल अशी स्क्रिप्ट पाठवतो."

स्क्रिप्ट आली नि सातव्या ओळीवर अडली.

"मी वहीत लिहायचो," नाना म्हणाले, "वही कधी रुसली नाही बुवा."

"फैसलभाऊ, नाना डोक्यावर उभे आहेत हो!"

"मग सातवी ओळ काढून टाका, बघू."

ओळ निघाली, आणि प्रत्येकाच्या नावाच्या नि पहाऱ्याच्या चिठ्ठ्या भराभर तयार झाल्या. नानांनी त्या छापून आणल्या, चष्मा न लावताच कापल्या नि घरोघर वाटल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला शेजारच्या सुनंदाबाईंचे यजमान डोक्यावर उपरणं घेऊन देवळात आले. "माझ्याच नशिबी दुपार! पण वीणेला नाही कसं म्हणावं?"

मागून गावातलाच उखर्डू आला. "तुमची कशी? दुपार तर माझीये!"

बारापर्यंत मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर आजचेच बारा ते दोन. नूतनने घाबरून फोन लावला.

"अरे बापरे! ताई, ती सातवी ओळच पहारा पुढे सरकवत होती."

म्हणजे कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुपदच धरून बसावं, तशी स्क्रिप्ट पहिल्या पहाऱ्यावरच घोळत बसली होती. नूतनला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं. "बरं झालं, सगळे एकदम सापडले. बोला, दोन ते चार कोण?" दहा मिनिटांत त्या दिवसाचे बाकीचे अकरा पहारे भरले. तरी उठून कुणी गेलं नाही. आलोच आहोत तर बसू, म्हणत माणसांनी टाळ उचलले.

भिकनआबांनी वीणा गळ्यात घातली. हात कापले, तशी उखर्डूने खालून अलगद हात लावला. दुसऱ्या बाजूने आणखी कुणी. आबा मंडपभर बघत राहिले.

"बठ्ठं गाव उनं," ते पुटपुटले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पहाऱ्याला सगळं गाव आलं होतं.

नूतन जवळ गेली. "चुकलं आबा. आज संध्याकाळीच दुरुस्त करते."

"नको माय," आबा डोळे पुसत म्हणाले. "हाई चूक दुरुस्त करू नको."