ऐकू न येण्याचा तास

"आज मुलं बोलली नाहीत, तर ही खोली कॅरमबोर्डांना जाणार," मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले. "तपासणीच्या मॅडम येतायत. त्यांना इंग्रजी मुलांच्या तोंडून ऐकायचंय, तुमच्या नव्हे."

"बोलतील, सर."

"अर्धं वर्ष हेच ऐकतोय मी."

"आज मुलांकडून ऐकाल," बाई म्हणाल्या आणि सरांची पाठ वळताच त्यांनी बाह्या सरसावल्या.

ती खोली इंग्रजीत मागे पडलेल्या मुलांच्या जादा तासाची. मोठ्या वर्गात इंग्रजी सुरू झालं की जी मुलं बाकाखाली न हरवलेलं पेन शोधू लागत, ती इथे बाईंच्या हवाली होत. बाईंचे नियम त्यांचे स्वतःचे होते. घरच्या भाषेत बोललेलं इथे कुणालाही ऐकू येत नाही; नुसतं गोड हसायचं आणि कानामागे हात धरायचा. प्लीज म्हटल्याशिवाय काही मिळत नाही. आणि समोरचा काहीही बोलला की त्याला उलट एक प्रश्न विचारायचाच, म्हणजे गप्पा थांबत नाहीत. या पद्धतीवर शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रोज हसून होत असे.

हसणाऱ्यांचंही फारसं चुकत नव्हतं. आजवर मुलांना फक्त कानामागे हात धरणं झकास जमू लागलं होतं. बोलायची वेळ आली की सगळी मिठाची गुळणी धरून बसत. खिडकीजवळच्या मौनीताईनं तर अजून एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. "घरी हिला गप्प करायला पाहुणे बोलवावे लागतात," असं तिचे बाबा सांगत. खोली गेली की ही पोर पुन्हा शेवटच्या बाकावर जाणार आणि तिथेच राहणार. ते काही बाई होऊ देणार नव्हत्या.

चित्रांचे तक्ते आणायला त्या आतल्या अडगळीच्या खोलीत शिरल्या. त्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं आणि आपटलं की बाहेरची कडी आपोआप पडायची. म्हणून दाराला खुर्ची लावूनच आत जायचं, ही शाळेतली जुनी रीत. पण "खुर्ची जागेवर ठेवा" हेही बाईंनीच मुलांच्या डोक्यात रोजच्या रोज भरवलेलं. तपासणीच्या दिवशी खुर्ची भलतीकडे दिसल्यावर वर्गातल्या चष्मेवाल्याला राहवेना. त्यानं ती उचलून जागेवर नेऊन ठेवली. दार धाडकन आपटलं आणि कडी पडली.

"अरे, दार उघडा!"

बाईंनी दाराच्या फटीला डोळा लावला. सगळी मुलं ओळीनं उभी होती, गोड हसत होती, आणि प्रत्येकाचा हात कानामागे होता.

"हा खेळ नाही रे! खरंच अडकलेय मी!"

हसू आणखी गोड झालं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"ओपन द डोअर!"

"प्लीज?" चष्मेवाल्यानं आठवण करून दिली.

"ओपन द डोअर, प्लीज!"

"व्हाय?" दुसऱ्यानं विचारलं. नियम म्हणजे नियम.

"बिकॉज आय अ‍ॅम इनसाइड!"

"व्हाय आर यू इनसाइड?"

"इज इट डार्क?"

"आर देअर रॅट्स?"

उंदरांचा विचार बाईंनी तोवर केला नव्हता. त्यांनी पाय वर घेतला, तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला.

"तुमच्या बाई कुठायत रे?" तपासणीच्या मॅडम विचारत होत्या.

मुलांनी मॅडमकडे वळून कानामागे हात धरले. बाईंनी फटीमागे डोळे गच्च मिटून घेतले.

"अरे, मॅडम काय विचारतायत! कानात बोळे घातलेत का?" मॅडमच्या मागून आलेले सर ओरडले. सगळे हात सरांकडे वळले.

मॅडमच्या ध्यानात आलं. मग त्यांनी विचारलं, "व्हेअर इज युवर टीचर?"

"शी इज इन दॅट रूम. हू आर यू, प्लीज?"

"आय अ‍ॅम अ व्हिजिटर. व्हाय इज शी इन देअर?"

"आय मूव्ह्ड द चेअर," चष्मेवाल्यानं छाती काढून सांगितलं. "डू यू लाइक अवर टीचर?"

मॅडम तीच खुर्ची ओढून बसल्या.

हाक मारायला उघडलेलं तोंड बाईंनी मिटलं. मुलं बोलत होती! एकमेकांचं वाक्य तोडून, आधी मी, आधी मी करत बोलत होती. बाईंना इतका आनंद झाला की त्यांना रडूच यायला लागलं. आता आपण बाहेर गेलो की सगळी पुन्हा गप्प होणार. उंदीर आला तरी हूं की चूं करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सरांनी घाईघाईनं कडी काढून दार ओढलं, तेव्हा बाईंनी आतून मूठ दोन्ही हातांनी धरली.

"दार जाम झालंय!" सर घामाघूम होऊन म्हणाले.

बाईंनी सरांना दाद दिली नाही, पण धुळीपुढे त्यांचं काही चालेना. एक शिंक आली, तिच्यामागून दुसरी, मग जीव कासावीस करणारा खोकला.

"टीचर?"

हा आवाज बाईंनी या खोलीत कधीच ऐकला नव्हता. दाराच्या अगदी जवळून, फटीतून येत होता.

"आर यू ओके? प्लीज कम आउट. आय अ‍ॅम हिअर."

बाईंचे हात आपोआप सुटले. दार उघडलं, आणि सगळं अंग टाकून ते ओढणारे सर धपकन जमिनीवर बसले. केसांत जळमटं घेऊन बाई बाहेर आल्या आणि त्यांनी मौनीताईला पोटाशी धरलं. "यस," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"खोली हलवू नका," निघताना मॅडम सरांना म्हणाल्या. "वर्ग उत्तम चाललाय. बाई आत असल्या की तर फारच."

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच सर सुताराला घेऊन दारात उभे राहिले. "बाई, ही कडी आजच काढून टाकू. पुन्हा भानगड नको."

बाई गोड हसल्या आणि त्यांनी कानामागे हात धरला.