शेवटच्या पंगतीतले आप्पा

आमच्या वरवंडच्या आप्पांनी सख्ख्या पुतण्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला कुणाला बसवलं असेल, तर पंक्चरचं दुकान विचारायला हायवेवरून आत आलेल्या एका पंजाबी ट्रक ड्रायव्हरला. नवरदेवाचा बाप, म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ, भुकेनं कासावीस होऊन मांडवाच्या खांबाला टेकलेला. आप्पांचं एकच, "पाव्हणं पयलं. आपलं काय, आपुन घरचं."

गावातल्या प्रत्येक पंगतीत कुणी कधी बसायचं, हे आमचे हे शेजारीच ठरवतात. बाहेरचा माणूस आपण पायताणावरून ओळखतो, असा त्यांचा दावा आहे. तलाठ्यांनी नवे बूट घेतले त्या वर्षी आप्पांनी त्यांना पाहुणा समजून जत्रेत दोनदा जेवायला बसवलं.

बारावीनंतर मी दुसऱ्या राज्यातल्या एका नामांकित सरकारी विद्यापीठात अर्ज केला. तिथं बहुतेक जागा त्यांच्याच राज्यातल्या मुलांना, बाहेरच्यांना अगदी मोजक्या. हे मी आप्पांना समजावलं आणि पस्तावले.

"म्हंजी घरचं आधी जेवणार आन् पाव्हणं दारात उभं?"

"तसंच आहे, आप्पा."

"ही कुठली रीत म्हनायची?"

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. मी रडकुंडीला आले. आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारत, "उठलं का कुणी पंगतीतनं?" शेवटच्या फेरीत खरंच कुणीतरी उठलं आणि मला प्रवेश मिळाला. "उशिरा का व्हईना, वाढलं त्यांनी," म्हणत आप्पांनी विद्यापीठाला माफ केलं आणि एसटीतून उतरणाऱ्या अनोळखी लोकांना पेढे वाटले. आम्हा घरच्यांना रिकामा खोका मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, पाहुण्यांचा एवढा सोस का हो?"

"ल्हानपणी बापासंगं मेंढरांमागं हिंडायचो. जाईल त्या गावात आमी बाहेरचं. पंगत दिसायची, बोलवायचं न्हाई कुणी. हितं एका म्हातारीनं हाताला धरून पयल्या पंगतीत बसवलं. मंग आमचं बिऱ्हाड म्होरं गेलंच न्हाई."

तिकडं हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी सरकून जागा दिली, की मला आप्पा आठवत. परक्या ठिकाणी बिचकायचं नाही, हे बळ मला त्यांनीच दिलं. त्यांचे आभार मी मनात किती वेळा मानले असतील.

पहिल्या सुट्टीत जत्रेला आले, तर आप्पांनी मला पहिल्या पंगतीत, पाहुण्यांत बसवलं. पुढ्यात लापशी आली. मी तशीच उठले, आमटीची बादली घेतली आणि वाढायला लागले. आप्पा बघत राहिले.

शेवटच्या पंगतीला आचारी, वाढपी आणि आप्पा. बायको गेल्यापासून घरीही ते एकटेच जेवतात. मी त्यांच्या शेजारी बसले.

"मला वाटलं, तू आता तिकडलीच झालीस," ते पत्रावळीकडे बघत म्हणाले.

"मी घरचीच आहे, आप्पा."

त्यांनी आपल्यातली निम्मी लापशी माझ्या पत्रावळीवर सारली. आणि कुणी पाहुणा राहिला का, हे न विचारताच पहिला घास घेतला.