पंच्याखालचा हात

आमच्या शेजारचे गेनूतात्या दलाल भाव तोंडाने कधी सांगत नसत. ज्वारीचा नाही, बैलाचा नाही, घरी आणलेल्या वांग्यांचाही नाही. कुणी विचारलं की खांद्यावरचा पंचा त्याच्या हातावर टाकायचे, आत आपला हात घालायचे आणि बोटं दाबून भाव कळवायचे. नगरच्या बाजारात जुने सौदे असेच व्हायचे. "तोंडानं बोललात की भाव नासला!" हे ऐकून माझे कान किटले होते.

एकदा न्हाव्याने दाढीचे पैसे वाढवले. तात्यांनी साबण लावलेल्या तोंडानेच त्याचा हात पंच्याखाली ओढला. हातात वस्तरा होता. सौदा जुळला, पण तात्यांचा अंगठा कापला. तो बांधलेला असेपर्यंत व्यापारी म्हणायचे, "तात्या सध्या तोतरं बोलत्यात."

जेवताना काकूंनी "अजून किती भाकरी टाकू?" विचारलं तरी पंचा. "आवं, तोंडानं सांगा की!" काकू करवादायच्या. हात मात्र लगेच काढून घेत नसत.

शेजारच्या गाळ्यावर ज्वारी काय भावाने गेली हे कुणाला कळायचं नाही. त्या न कळण्यावरच तात्यांचा धंदा चालायचा. मग काकू गेल्या, आणि पाठोपाठ बाजार समितीने उघडा लिलाव सुरू केला. मी तिथला कारकून. दिवसभर हायब्रीड ज्वारीच्या पोत्यांमागे ओरडत फिरायचं आणि ठरलेला भाव फळ्यावर लिहायचा. घसा बसतो, जीव मेटाकुटीला येतो. फळा बघून व्यापारी एकमेकांवर चढ करू लागले, शेतकरी जास्त भावाच्या गाळ्याकडे पोती वळवू लागले. झालं ते बरंच झालं. तात्यांच्या हाताची गरज मात्र कुणाला उरली नाही, याचं मला वाईट वाटायचं.

तरी ते रोज यायचे. फळ्याकडे पाठ करून बसायचे, पंचा मांडीवर.

एकदा भर उन्हात लिलाव उरकून मी त्यांच्याशेजारी मटकन बसलो.

"लई वरडतूस रे," म्हणत त्यांनी माझ्या हातावर पंचा टाकला. त्यांचा हात आत आला. बोटं दाबतील म्हणून मी थांबलो. ती दाबेनात.

"कशाचा भाव, तात्या?"

"कशाचाच न्हाई." त्यांनी हात तसाच राहू दिला. "तुजी काकू गेली, मग ह्यो बाजार बी तोंडानं बोलाया लागला. हात कुनी धरतच न्हाई बग. बस जरा."

पलीकडून हमाल ओरडला, "सायेब, भाव लिवायचं ऱ्हायलं!"

"लिहितो," म्हणालो आणि बसून राहिलो.